भुयारातला आवाज जात विचारत नाही. पण तो नावं कुणाची घेतो?



यवतमाळात बसून मी भुयारी मेट्रोवर लेख लिहिते आहे म्हटल्यावर काही कार्यकर्ते हसतील. आपली शकुंतला बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाच्या गप्पा ऐकत आपली पिढी मोठी झाली, आणि त्यातल्या वर्धा ते कळंब एवढ्या तुकड्याचं उद्घाटन व्हायला २८ फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. मुंबईला जायचं तर आपण धामणगाव, बडनेरा नाहीतर वर्धा गाठत आलो. मग मुंबईच्या पोटात कुठलं यंत्र काय बोलतं याच्याशी आपला संबंध काय?

संबंध ६ डिसेंबरचा आहे. मुंबईची मेट्रो ३, म्हणजे ॲक्वा लाइन, आरेपासून कफ परेडपर्यंत ३३.५ किलोमीटर. २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. दादर आणि शितलादेवी ही स्थानकं मे २०२५ मध्ये सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्ग शेवटपर्यंत पुरा झाला. चैत्यभूमीला येणारी माणसं आजवर दादरच्या पुलावरून उतरायची. आता त्यातली काही जमिनीखालून वर येणार, आणि दरवर्षी जास्तच येणार.

वरच्या दादरला माणूस हरवला तरी सापडतो. फुलवाला आहे, चहाची टपरी आहे, समोरून निळा झेंडा घेऊन जाणारा जत्था आहे. त्याच्या मागे चालत राहिलं की झालं. जमिनीखाली यातलं काहीच नसतं. उजेड सारखाच, भिंती सारख्याच, जिने सारखेच. पूर्व कुठली, पश्चिम कुठली, दिवस की रात्र, काही कळत नाही. तिथे माणसाला वाट दाखवणाऱ्या दोनच गोष्टी असतात: पाटी आणि आवाज. ज्याला वाचता येतं त्याला पाटी पुरते. ज्याला येत नाही, किंवा दिसत नाही, त्याला आवाजच.

आमच्या वस्तीतल्या एक आजी कित्येक वर्षांपासून चैत्यभूमीला जातात. अंगठा लावणाऱ्या पिढीतल्या. दादर त्या कानाने ओळखतात. डब्यात शेजारच्याला एकदा विचारतात, 'दादर आलं काय, बापू?' आणि मग स्पीकरवर 'दादर' ऐकू आलं की पिशवी उचलतात. सरकारी भाषेत त्याला उद्घोषणा म्हणतात, पण आजींसाठी तीच पाटी असते.

आता हा आवाज येतो कुठून? मेट्रोत सहसा कुणी माइकसमोर बसून बोलत नाही. गाडी कुठे आहे हे सिग्नलच्या यंत्रणेला कळत असतं. ती ठरावीक जागी आली की आधी भरून ठेवलेलं वाक्य आपोआप वाजतं. जुन्या पद्धतीत हे वाक्यसुद्धा तुकड्यातुकड्याने रेकॉर्ड केलेलं असायचं: क्रमांक वेगळा, गावाचं नाव वेगळं, 'येत आहे' वेगळं, आणि यंत्र ते जोडायचं. म्हणून तर रेल्वे स्टेशनवर गावाच्या नावाशी आवाज एकदम वर चढतो किंवा खाली येतो. मध्य रेल्वेसाठी सरला चौधरींनी १९८० च्या दशकात दिलेला आवाज देशभर ओळखीचा झाला. दिल्ली मेट्रोला शम्मी नारंग आणि रिनी सायमन खन्ना यांनी आवाज दिला. आता तर लिहिलेला मजकूर यंत्रच वाचून दाखवतं. पण पद्धत कोणतीही असो, मजकूर आधी कुणीतरी टेबलावर बसून लिहिलेला असतो. कुठलं नाव पूर्ण घ्यायचं, कुठलं अर्धं, कुठली भाषा आधी, माणसांना काय म्हणून हाक मारायची, हे सगळं त्या टेबलावर ठरतं.

या यंत्रांबद्दल मराठीत एक गळा काढण्याची पद्धत आहे. 'माणसाचा आवाज गेला, जिव्हाळा गेला' वगैरे. मला हा सूर पटत नाही. आपला अनुभव वेगळा आहे, म्हणून तर अजिबात पटत नाही. बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ज्यांनी वाचलंय त्यांना मसूर स्टेशन आठवत असेल. १९०१ साल. लहानगा भीम, भाऊ आणि भाचे, चांगले कपडे घालून वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेले. न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर स्वतःहून चौकशीला आला. मुलं नीटनेटकी होती, त्यामुळे तो सुरुवातीला गोडच बोलला. मग 'तुम्ही कोण' असं विचारलं, पोरांनी महार असल्याचं सांगितलं, आणि त्या माणसाचा चेहराच बदलला. पुढे बैलगाडीवाल्यांनी न्यायला नकार दिला, दुप्पट भाडं आणि गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर एकजण तयार झाला. हा 'माणसाचा जिव्हाळा' होता.

यंत्र असं करत नाही. स्पीकर जे बनियाला सांगतो तेच बौद्धाला सांगतो, तेच पारध्याला आणि तेच कोलामाला. तो आडनाव विचारत नाही, कपड्यांकडे बघत नाही, प्रश्न दुसऱ्यांदा विचारला म्हणून खेकसत नाही. काउंटरवरचा माणूस कुणाशी कसा बोलतो हे आपल्यापैकी प्रत्येकाने तहसील कचेरीत पाहिलेलं आहे. तेव्हा सार्वजनिक ठिकाणी सगळ्यांना एकाच सुरात माहिती देणारा आवाज ही मला तरी पुढची पायरी वाटते. ज्याला तो कोरडा वाटतो, त्याला आजवर ओलावा मिळत होता एवढंच त्यातून कळतं.

पण यंत्र जात विचारत नाही म्हणजे ते निष्पक्ष झालं, असा अर्थ काढणं भोळेपणाचं आहे. त्याच्या तोंडात शब्द घालणारी माणसं याच समाजातली आहेत.

पुण्याचंच बघा. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. मधली दोन स्थानकं कसबा पेठ आणि मंडई. नकाशावर नुसतं 'मंडई'. ही मंडई कुणाची? इंग्रजांच्या काळात ती गव्हर्नर रे यांच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून उभी राहिली. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे जावा हा त्यांचा आग्रह. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांनी पुढाकार घेऊन त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळवून दिलं. म्हणजे एका नावासाठी एवढा इतिहास घडला, आणि मेट्रोच्या नकाशावर उरली फक्त भाजी. भिडे वाडा, जिथे १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली, तो तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. यवतमाळची एखादी शाळकरी पोरगी सहलीला पुण्यात गेली तर तिला भुयारात 'भिडे वाड्यासाठी इथे उतरा' असं ऐकू यायला नको?

मुंबईत आचार्य अत्र्यांच्या नावाचं स्थानक आहे, वरळीला. चांगलं झालं. १९५६ च्या ७ डिसेंबरला बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी भाषण करणारे अत्रे, 'महात्मा फुले' चित्रपट काढणारे अत्रे. पण त्याच मार्गावर नेहरू विज्ञान केंद्राजवळच्या स्थानकाचं नाव 'सायन्स सेंटर' एवढंच आलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये काँग्रेसने त्यावर आक्षेप घेतला. आपण नेहरूंचे भक्त नाही, त्यांच्याशी बाबासाहेबांचे मतभेद आपल्याला पाठ आहेत. पण नाव कसं गाळलं जातं याचा हा नमुना आहे. कुणी जाहीरपणे विरोध करत नाही. फक्त 'सुटसुटीत' केलं जातं.

'नावं लांब झाली तर घोषणा लांबते, गाडी थांबते अर्धा मिनिट' हा युक्तिवाद ऐकायला मिळतो. वरवर पाहता रास्त आहे. पण याच मार्गावर जगन्नाथ शंकर शेठ हे पूर्ण नाव बसतं, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बसतं, विमानतळाचं तर त्याहून लांब नाव बसतं, आणि ते बसवलंच पाहिजे. शिवाय काही स्थानकांच्या नावाआधी बँकांची आणि विमा-गुंतवणूक कंपन्यांची नावंही लागली आहेत, कारण स्थानकाच्या नावाला जोडून आपलं नाव लावायचा हक्क मेट्रो विकते. कंपनीने पैसे भरले की जीभ लांब होते आणि फुल्यांच्या वेळी वेळ कमी पडतो, असं कसं चालेल?

इथे आपल्या चळवळीलाही थोडं सुनावलं पाहिजे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर जे झालं ते आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्याने सोसलं. पोचिराम कांबळे तिथलेच, स्वतःला पेटवून घेणारे गौतम वाघमारेही तिथलेच. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एवढ्या रक्तातून मिळालेलं नाव आज वर्तमानपत्रात काय छापून येतं? 'बामु'. आणि आपली पोरंसुद्धा 'मी बामुला आहे' असं सहज म्हणतात. कमानीवरचं नाव आपण जिंकलं, पण तोंडातलं नाव हातातून निसटलं. बंगळुरूच्या मेट्रोत एक भुयारी स्थानक आहे, त्याचं अधिकृत नाव 'डॉ. बी. आर. आंबेडकर स्थानक, विधान सौध'. लोकांच्या बोलण्यात फक्त विधान सौध उरतं.

लोकांच्या तोंडाला कुलूप लावता येत नाही, लावूही नये. माणूस सोयीचं बोलतो. पण यंत्राला आळस नसतो. त्याच्यात जे भरलं ते ते दर काही मिनिटांनी, पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत, वर्षानुवर्षं, न कंटाळता म्हणतं. महू म्हणणाऱ्याने खुशाल महू म्हणावं. स्टेशनवरचा स्पीकर मात्र तिथे जाणाऱ्या गाडीचं नाव 'डॉ. आंबेडकर नगर' असंच घेतो, आणि ज्याला ते नाव घ्यायचं नसतं त्यालाही ते कान देऊन ऐकावं लागतं, नाहीतर गाडी चुकते. कोलकात्याने हे ओळखलं. तिथल्या मेट्रोच्या दक्षिणेकडच्या स्थानकांना मास्टरदा सूर्य सेन, शहीद खुदिराम, कवी नजरुल अशी नावं दिली आहेत. गर्दीच्या वेळी डब्यात लोंबकळणारा कारकूनही रोज दोनदा नजरुलचं नाव ऐकतो. पुतळ्याकडे न बघता पुढे जाता येतं, पण कान मिटायला पापण्या नाहीत.

आणि 'हा मजकूर एकदा ठरला की बदलत नाही' असं कुणी सांगितलं तर लंडनचं उदाहरण द्या. जगातली सगळ्यात जुनी भुयारी रेल्वे तिथली. तिथे वर्षानुवर्षं प्रवाशांना 'सभ्य स्त्री-पुरुषहो' अशा अर्थाची हाक मारली जायची. तृतीयपंथी आणि इतर लिंगओळखीच्या लोकांनी, त्यांच्या संघटनांनी विचारलं, आम्ही यात कुठे? २०१७ मध्ये तिथल्या वाहतूक यंत्रणेने ती हाक बदलून 'सर्वांना नमस्कार' अशा अर्थाची केली. त्याच वर्षी बंगळुरूत कन्नड संघटनांनी मेट्रोतल्या हिंदीविरुद्ध आवाज उठवला आणि हिंदी पाट्या झाकाव्या लागल्या. त्या आंदोलनाच्या प्रत्येक मुद्द्याशी मी सहमत नाही. पण मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितलं की यंत्रसुद्धा वेगळं बोलायला लागतं, हे दोन्हीकडे दिसलं.

नावांइतकाच, कदाचित जास्तच, महत्त्वाचा प्रश्न जिवाचा आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. 'फूल पडलं' असं कुणीतरी ओरडलं आणि लोकांनी 'पूल पडला' असं ऐकलं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. एका अक्षराचा फरक. पावसात अडकलेल्या त्या गर्दीला वरून एखादा स्पष्ट आवाज 'पूल सुरक्षित आहे, जागेवर थांबा' असं सांगता, तर? ते स्टेशन दादरच्या शेजारचं आहे आणि जमिनीवरचं आहे. तीच गर्दी भुयारात असती तर काय, याचा विचार ६ डिसेंबरच्या आधी व्हायला हवा, नंतर नाही.

नेहमीच्या दिवसाचा मजकूर यंत्राने बोलावा. अडचणीच्या वेळी मात्र नियंत्रण कक्षातल्या माणसाने माइक हातात घ्यावा लागतो, कारण जे घडेल असं कुणाला वाटलं नव्हतं ते आधी रेकॉर्ड करून ठेवता येत नाही. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन पुरता महिनाही झाला नव्हता. अशा वेळी माइकवरच्या माणसाला साधी मराठी यायला हवी. 'प्रवाशांनी निर्गमन मार्गाचा अवलंब करावा' अशी मराठी नव्हे. 'डावीकडच्या जिन्याने वर जा, घाई करू नका, वर मोकळं आहे' अशी. आपल्या जिल्ह्यात घरात गोरमाटी, कोलामी, गोंडी बोलणारी माणसं आहेत. त्यांची दुसरी भाषा मराठी आहे, पण ती बाजारातली मराठी, शासन निर्णयातली नव्हे.

आणि सूर. दर वर्षी ६ डिसेंबर जवळ आला की मुंबईतल्या एका वर्गाला गर्दी, कचरा आणि फुकट प्रवास एवढंच दिसतं. त्या दिवशी स्टेशनवरचा आवाज आपल्या माणसांशी कसा बोलतो, यावरून हे शहर आपल्याला पाहुणा समजतं की उपद्रव, हे कळतं. 'इथे थांबू नका, गर्दी करू नका' ही एक भाषा झाली. 'चैत्यभूमीसाठी इथे उतरा, या दरवाजाने बाहेर पडा, समोर पाणी आणि वैद्यकीय मदत आहे' ही दुसरी. दोन्हीत गर्दी तेवढीच हलते. दुसऱ्या भाषेत ती ताठ मानेने हलते. आणि हे कुठल्या तरी अधिकाऱ्याच्या मर्जीने एका दिवसापुरतं नको. सिद्धिविनायकाचं नाव स्थानकालाच आहे, त्यामुळे ते ३६५ दिवस घेतलं जातं. चैत्यभूमीचा उल्लेखही दादरच्या घोषणेत ३६५ दिवस असावा. माणसं तिथे रोज येतात.

आपल्यातलेच काही म्हणतील, 'ताई, गावात स्मशानभूमीचा रस्ता अडवलाय, शिष्यवृत्ती रखडलीय, आणि तुम्ही स्पीकरचं काय घेऊन बसलात?' प्रश्न खरा आहे. त्या कामांतच माझे बहुतेक दिवस जातात. पण एकात लढलं की दुसऱ्यातून सुट्टी घ्यावी लागते, हा नियम कुणी केला? महाडला पाणी घरच्या विहिरीतही मिळालं असतं. लढा सार्वजनिक तळ्याचा होता. भुयारी स्थानक आपल्या करातून बांधलं गेलेलं सार्वजनिक ठिकाण आहे, आणि तिथला आवाज हा त्या ठिकाणाचाच भाग आहे. उलट हे काम बाकीच्या कामांपेक्षा स्वस्त आहे. मोर्चा लागत नाही. १० रुपयांचा अर्ज लागतो.

मुंबईची मेट्रो ३ चालवणारी कंपनी आणि पुण्याची महामेट्रो, दोन्हींत केंद्र आणि राज्य सरकार भागीदार आहेत. दोन्हींना माहितीचा अधिकार कायदा, २००५ लागू आहे. मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या आपल्या पोरांनी अर्ज करावा आणि चार गोष्टी मागाव्यात: स्थानक व गाडीतल्या सर्व स्वयंचलित उद्घोषणांचा मराठी मजकूर, तो ज्या बैठकीत मंजूर झाला तिचं इतिवृत्त, स्थानकाचं अधिकृत नाव आणि बोललं जाणारं नाव यांची यादी, आणि ६ डिसेंबरसाठीच्या गर्दी नियोजनात उद्घोषणांचा भाग असेल तर त्याची प्रत. 'का' असं विचारू नका, जनमाहिती अधिकारी त्यावर अर्ज फेटाळतात. कागद मागा. उत्तर आलं की दिव्यांग हक्कांवर काम करणाऱ्या संघटनांनाही सोबत घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात वाहतुकीची साधनं सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर आहे, आणि अंध प्रवाशाची अडचण आणि आमच्या आजींची अडचण एकच आहे.

यवतमाळकरांसाठी वेगळं काम आहे. वर्धा-नांदेड मार्ग आज ना उद्या दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेडपर्यंत जाईल. त्या स्टेशनांवरचे स्पीकर अजून बोलायला लागलेले नाहीत. नावं ठरताना, मजकूर लिहिला जाताना आपण गप्प बसलो आणि मग दहा वर्षांनी निवेदन घेऊन गेलो तर ते वरातीमागून घोडं होईल. मराठी आधी असावी, साधी असावी, आणि आपल्या महापुरुषांच्या नावाने चौक, वसाहत किंवा स्मारक स्टेशनजवळ असेल तर ते पूर्ण नावाने घोषणेत यावं, एवढं एका पानाचं निवेदन विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावाने तयार होऊ शकतं. मसुदा मी करते. कळंब, दारव्हा आणि पुसदच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या स्टेशनजवळच्या अशा ठिकाणांची नावं, ती गावात जशी पूर्ण म्हणली जातात तशीच, लिहून पाठवावीत.